ग्वाही आहे, जामीन कोठे आहे?

२० मे २०२४ रोजी नाशिक आणि दिंडोरी या लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. त्याआधीच्या डिसेंबरात, ८ तारखेला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती बंदी उठली ४ मे रोजी, म्हणजे मतदानाला १६ दिवस उरले असताना. आणि तीही टनामागे किमान ५५० डॉलर भाव व ४० टक्के निर्यातशुल्क या अटींसह. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंत येथे पंतप्रधानांची सभा झाली, तेव्हा श्रोत्यांतून एका तरुणाने कांद्याविषयी बोलण्याची मागणी ओरडून केली. त्या निवडणुकीतील परवलीचा शब्द होता ‘गॅरंटी’. सत्ताधारी पक्षाची गॅरंटी एका व्यक्तीच्या नावाने दिली जात होती. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात पंचवीस गॅरंट्या होत्या. गॅरंटीचा असा सुकाळ असताना कांदा उत्पादकाला सभेत उभे राहून ओरडावे लागले, यातच त्या शब्दाची खरी किंमत दिसून येते.

गॅरंटी म्हणजे हमी, आणि हमी म्हटली की जामीनदार आला. गावच्या पतसंस्थेत कर्ज काढायचे तर जामीनदारांच्या सह्या लागतात. कर्जदाराने हप्ते थकविले तर वसुली आपल्या दारात येईल हे जामीनदाराला ठाऊक असते. म्हणून सही करण्यापूर्वी तो कर्जदाराची जमीन, पीकपाणी, दानत सारे पाहून घेतो. त्याच्या सहीला मोल येते ते त्याच्या अक्षरामुळे नव्हे, तर त्याने पत्करलेल्या जोखमीमुळे. जोखीम काढून घेतली की उरते ती केवळ शाई.

निवडणुकीच्या प्रचारात आज नेमके हेच घडते आहे. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीसपर्यंत ‘स्टार प्रचारक’ नेमता येतात. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. परंतु लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार या प्रचारकांचा प्रवासखर्च, मग तो विमानाचा का असेना, उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यावर मांडला पाहिजे, असा निर्णय १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला होता. तो त्याच वर्षी कायदा बदलून निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट अरुंद झाली, पण बुजली नाही. आणि पक्षांच्या स्वतःच्या खर्चाला तर आजही मर्यादाच नाही.

याच्या शेजारी दुसरा एक कायदा ठेवून पाहावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे एखाद्या नटाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतून तेलाची वा साबणाची शिफारस केली, तर त्याला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती करण्यास काही काळ बंदीही होऊ शकते. आपण योग्य ती शहानिशा केली होती असे दाखविले तरच त्याची सुटका होते. म्हणजे केसांच्या तेलाची ग्वाही देणाऱ्याने आधी चौकशी करावी, अशी आपल्या कायद्याची अपेक्षा आहे. पाच वर्षांच्या राज्यकारभाराची ग्वाही देणाऱ्याकडून मात्र तीही नाही!

कलावंतांनी राजकारणात पडू नये, असा याचा अर्थ नव्हे. नागरिक म्हणून तो त्यांचा हक्कच आहे. १९७७ साली पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले, तेव्हा आणीबाणी कागदोपत्री उठलेली नव्हती; ती २१ मार्चला, मतदान संपल्यावर उठली. आपली लोकप्रियता आणि आपले स्वास्थ्य दोन्ही पणाला लावून ते बोलत होते, आणि विजयानंतर त्यांनी कोणतेही राजकीय पद घेतले नाही. ती ग्वाही जामिनासकट दिलेली होती. तिच्याशी अलीकडचा अनुभव ताडून पाहावा. २००४ साली उत्तर मुंबईत अभिनेते गोविंदा यांनी पाच वेळा खासदार झालेल्या राम नाईकांना सुमारे ४८ हजार मतांनी हरविले. पुढच्या निवडणुकीत ते उभेही राहिले नाहीत. मार्च २०२४ मध्ये ते शिंदे यांच्या शिवसेनेत दाखल झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेच्या प्रचारासाठी जळगाव जिल्ह्यात फिरले. हा एका व्यक्तीचा दोष नव्हे. जबाबदारीवाचून ग्वाही देण्याची सोय करणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

चेहऱ्याला पाहून कोणी मत देत नाही, असे म्हणून हा प्रश्न झटकता येणार नाही. २००८ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी ठरविण्यासाठी जे पक्षांतर्गत मतदान झाले, त्यात ओप्रा विनफ्री यांच्या पाठिंब्यामुळे ओबामांना सुमारे दहा लाख मते अधिक मिळाली, असा अंदाज गार्थवेट आणि मूर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. याउलट २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत टेलर स्विफ्ट, बियॉन्से यांच्यासारख्यांचा पाठिंबा असूनही कमला हॅरिस पराभूत झाल्या. उमेदवारांच्या धोरणांत फारसा फरक नसतो तेथे चेहरा निकाल फिरवू शकतो. जेथे महागाई मतदाराच्या ताटापर्यंत पोचलेली असते, तेथे त्याची मात्रा चालेलच असे नाही.

दिंडोरीनेही हेच दाखविले. केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराला बाजूला सारून मतदारांनी एका शिक्षकाला लोकसभेत पाठविले. मात्र त्याच मतदारसंघात, विजयी उमेदवाराशी आडनाव आणि चिन्ह मिळतेजुळते असलेल्या एका अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली, हेही विसरता कामा नये. मतदार खुणांवरून वाट काढतो. म्हणून खुणा पुरविणाऱ्यांची जबाबदारी मोठी.

तेव्हा प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यावर मांडला जावा आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादा यावी, ही मागणी लोकशाहीवादी पक्षांनी लावून धरली पाहिजे. कायदा बदलेपर्यंत मतदाराच्या हाती एक प्रश्न आहे. व्यासपीठावरून हात हलविणाऱ्या प्रत्येकाला त्याने तो विचारावा: कांद्याचे भाव पडले आणि तुमचा उमेदवार गप्प बसला, तर वसुलीला आम्ही कोणाच्या दारात यायचे?