रिकामा कॉम्प्युटर आणि उल्हासचा पूर

जुलैत पावसाने जोर धरला की वर्गातली बदलापूरची मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. उल्हास नदीकाठच्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी आमच्याही घरांत शिरल्या. 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पूर तर पूर्वीही यायचे ना? मग आता बदललं काय?" भाषेचा शिक्षक असल्याने मी उत्तर टाळू शकलो असतो. पण प्रश्न रास्त होता, म्हणून शोधत गेलो.

ऑक्सफर्ड विद्यापीठातून 2003 साली क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीभोवतीच्या हवेचे हजारो चौकोन पाडतात आणि प्रत्येकातलं तापमान, वारा, बाष्प पुन्हा पुन्हा मोजत पुढे जातात. सुरुवातीच्या आकड्यात जरासा फरक केला की निकाल बदलतो. म्हणून एकच हिशोब हजारो वेळा करावा लागतो. तो ते सामान्य लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर करून घेतात. बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. मशीन रिकामं असेल तेव्हा ते हिशोब करतं आणि निकाल परत पाठवतं.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर याच पद्धतीत आहे. कॉम्प्युटरवर दोन जगं उभी करतात. एक आजचं, दुसरं कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर नसतं तर असतं तसं. मग कोणत्या जगात किती वेळा पूर येतो ते मोजतात. 2000 सालच्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये आलेल्या पुराचा असा अभ्यास 2011 साली 'नेचर'मध्ये छापून आला. माणसाने सोडलेल्या वायूंनी त्या पुराचा धोका बहुधा वाढवला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. 'पूर पूर्वीही यायचे' आणि 'आता धोका वाढला' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

कुणी म्हणेल, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018पासून प्रत्यूष महासंगणक होता, मग आपल्या खटाऱ्याची काय गरज? गरज आहे, कारण महासंगणकावर रोजच्या अंदाजाचंच काम भरपूर असतं.

मीही मुलाच्या जुन्या डेस्कटॉपवर ते सुरू केलं. पहिल्याच महिन्यात बायकोने लाइटबिल समोर ठेवलं. तिचं बरोबर होतं. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, म्हणजे हवामान वाचवण्याच्या नावाखाली आपणच धूर वाढवायचा का? लंडनच्या थंडीत गरम झालेला कॉम्प्युटर चालून जातो, उल्हासनगरच्या एप्रिलमध्ये पंखाही हरतो. आता आमचा नियम असा आहे: यासाठी नवं मशीन घ्यायचं नाही, रात्रभर चालू ठेवायचं नाही, जे कामासाठी चालूच आहे त्याचा फक्त रिकामा वेळ द्यायचा. काम कमी होतं, पण प्रामाणिक होतं. शाळेच्या लॅबमध्ये मात्र मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय एक बटणही दाबू नये.

तरीही मुलांनी हे एकदा पाहावं असं मला वाटतं. पूर आला की आपल्या वस्त्यांची नावं फक्त पंचनाम्याच्या यादीत येतात. शास्त्र म्हणजे कुठेतरी दूर, दुसऱ्यांनी करायची गोष्ट, हे आपल्या मुलांनी न बोलता मान्य केलंय. उर्दू शाळेतली एक मुलगी पडद्यावर सरकणारा हिशोब दाखवून शेजारणीला सांगते, "खाला, यातला थोडा हिशोब आपल्या घरी होतोय," तेव्हा ती ते मान्य करणं सोडते. त्याने यंदाचा पूर थांबणार नाही. नालेसफाईसाठी नगरपालिकेच्या मागे लागणंही सुटणार नाही. पण पुढचा प्रश्न ती जास्त नेमका विचारेल, आणि शिक्षक म्हणून मला तेवढंच हवं आहे.