खिडकीतलं ऊन आणि घरातली माणसं



मी जुहूला राहते असं सांगितलं की समोरची बाई ठरलेला प्रश्न विचारते, "मग काय, तुम्हाला रोज नटनट्या दिसत असतील!" आता खरं सांगू का? रोज दिसते ती भाजीवाल्याची गाडी, दोरीवरचे कपडे आणि ओट्यावरची भांडी. तुमच्या डोंबिवलीत, साताऱ्यात, नागपुरात दिसतं तेच. सुटीच्या दिवशी इथे लांबलांबून माणसं येतात, नटांच्या बंगल्यांच्या फाटकापुढे उभी राहून फोटो काढतात, समुद्राकडे पाठ करून आणखी दोन काढतात आणि जातात. त्यांचं ठीक आहे, ती पाहुणी. पण आपल्या फोनमध्ये काय असतं ते पाहा बरं. लग्नं, बारशी, सहली, वाढदिवसाचे केक! ज्या घरात आपण दिवसातला बहुतेक वेळ काढतो, त्या घराचा एक तरी मनासारखा फोटो सापडतो का? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"पण आमच्या घरात फोटो काढण्यासारखं आहे काय?" असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात ना? म्हणूनच आज त्याविषयी बोलू या.

आमच्या या जुहूच्याच वाळूवर डिसेंबर १९३७ मध्ये काढलेला एक फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. गांधीजी तेव्हा इथे मुक्कामाला होते. त्यांच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात आहे आणि दुसरं टोक धरून त्यांचा नातू कनू, म्हणजे रामदास गांधींचा मुलगा, पुढे चालला आहे. नातू ओढतोय आणि आजोबा मागून येताहेत. त्यात ना व्यासपीठ, ना हारतुरे. असा प्रसंग आपल्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत घडतो. मग तो फोटो इतका लक्षात का राहिला? कारण ती काठी! आपली नजर काठीवरून नातवाकडून आजोबांकडे जाते आणि परत येते. फोटोची मांडणी म्हणतात ती हीच. पाहणाऱ्याच्या नजरेला वाट करून द्यायची.

अशी काठी तुमच्याही घरात आहे. आजी नातीची वेणी घालते तेव्हा पेड आजीच्या हातात असतात आणि डोकं नातीचं. चादरीची घडी घालताना दोन टोकं दोघींच्या हातात असतात. फुलवाल्याच्या तराजूपासून तुमच्या पिशवीपर्यंत हातच हात असतात. असं दोघांना जोडणारं काही दिसलं की फोटो तयार आहे समजा.

याच घराण्यात दुसरेही एक कनू होते. नावाचा घोटाळा नको व्हायला. हे कनू गांधी (१९१७–१९८६) म्हणजे गांधीजींच्या चुलत पुतण्याचे चिरंजीव. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात ते काम करत. त्यांना फोटो काढण्याची फार हौस. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा कॅमेरा आला. गांधीजींनी फोटो काढायला परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, 'असे बसा, इकडे पाहा' म्हणून सांगायचं नाही आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. या अटी पाळून त्यांनी आश्रमातल्या रोजच्या जीवनाचे जे फोटो काढले, ते आज मोलाचे ठरले आहेत. मला तर वाटतं, या तीन अटी आपल्यासारख्या गृहिणींसाठीच घातल्या असाव्यात!

पहिली अट, फ्लॅश नको. घरातला सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी. दिवसा ट्यूबलाइट बंद करा आणि माणसाला खिडकीच्या बाजूला, पण कुशीवर बसवल्यासारखं ठेवा, म्हणजे उजेड चेहऱ्याच्या एका अंगावर पडेल. नाक, गाल, हातावरच्या शिरा सगळं उठून दिसतं. कुकरची वाफ किंवा चहाचा आधण टिपायचा असेल तर उलट करा. खिडकी वाफेच्या मागे येऊ द्या आणि वाफेमागे एखादी गडद वस्तू, म्हणजे वाफ पांढरीशुभ्र दिसते. फोनच्या पडद्यावर जिथे उजेड आहे तिथे बोट टेकवलं की फोन उजेड त्या मानाने बेतून घेतो आणि बाकीचं आपोआप गडद होतं. आणि हो, आधी फोनची काच मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनला तेलाचं बोट लागलेलं असतंच!

घराच्या कुठल्या खिडकीत कधी ऊन येतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? पापड कुठे वाळतात आणि लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, हे आपण त्यावरच ठरवतो. तीच माहिती इथे वापरायची. पूर्वेची खिडकी सकाळी आठला, पश्चिमेची दुपारी चारनंतर. भर दुपारी मात्र फोटो नको. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. सावली नसली की गच्चीवरचे पापड फोटोत नुसते पांढरे ठिपके दिसतात. तेच सकाळी तिरप्या उन्हात पाहा, प्रत्येक पापडाला कड येते.

दुसरी अट, पोझ नको. "हस ना जरा" म्हटलं की मूल ताठ होतं आणि सासूबाई पदर सारख्या करू लागतात. त्यापेक्षा आधी जागा ठरवा आणि मग माणसाची वाट पाहा. दाराची चौकट ही आयती फ्रेम आहे. हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहा; चौकटीत ओटा, खिडकी आणि डब्यांची फळी नीट बसली की थांबा. कुणी ना कुणी पाणी प्यायला येतंच! फोनमध्ये उभ्या-आडव्या रेघांची जाळी दाखवण्याची सोय असते, ती सुरू करा. माणूस अगदी मधोमध न घेता उभ्या रेघेवर घ्या आणि ज्या दिशेला तो पाहतोय तिकडे मोकळी जागा सोडा. लहान मुलांचा फोटो खाली बसून काढा. जवळचं हवं असेल तर बोटांनी चित्र ताणू नका, दोन पावलं पुढे जा. शेवटी चारही कोपऱ्यांवर नजर फिरवा. केरसुणी किंवा प्लॅस्टिकची पिशवी डोकावत असेल तर जरा बाजूला सरका. घर आवरत मात्र बसू नका, तोवर ऊन निघून जाईल.

तिसरी अट, खर्च नको. तो नाहीच. हातातला फोन पुरे. बाहेर जायचंच तर रोजच्या वाटेवर जा. जुहूकरांसाठी एक युक्ती सांगते. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे मावळतीचं ऊन आणि ओली, आरशासारखी वाळू एकाच वेळी मिळते. फोन वाळूजवळ खाली धरला की भेळवाला, फुगेवाला, मुलं सगळी दोनदा दिसतात, एकदा वर आणि एकदा उलटी. पुढे रोज ओहोटी पाऊण-एक तास उशिरा सरकते. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ जाऊ नका. आणि कोळीवाड्यात मावशींचा फोटो काढायचा तर आधी विचारा. त्या कामात असतात, आपण हौसेने आलेल्या असतो.

आता मुद्द्याचं बोलते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढले ते वर्गमैत्रिणींचे आणि मुंबईतल्या रोजच्या जीवनाचे फोटो. आणि ते छापून आले त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने! पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, हे खरं. पण ज्यांनी फोटो काढले त्यांचं नाव नाही, आणि ज्यांनी घर चालवलं त्यांचा फोटो नाही, हे आपल्याकडे फार घरांत होतं.

आमच्या एक आत्याबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून अल्बम काढले. मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं, सगळीकडे आत्याबाई होत्या, पण चौथ्या ओळीत, अर्ध्या झाकलेल्या. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तो दिसतो बरा, पण त्या तशा नव्हत्याच हो! त्यांच्या हातची पुरणपोळी सगळ्यांनी खाल्ली. पोळी लाटणारे ते हात कुणाच्याच फोटोत नाहीत. त्यांची मुलगी अजून म्हणते, "आईचे हात कसे होते, ते मला नीट आठवेनासं झालंय."

म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातली एक खिडकी निवडा आणि तिथे सकाळी, चारला आणि दिवेलागणीला एकेक फोटो काढा. ऊन काय काय करतं ते आपोआप कळेल. मग घरातल्या मोठ्या माणसांचे ते रोज करतात त्या कामात फोटो घ्या. आई भाजी निवडताना, सासरे चष्मा पुसताना. आणि एक दिवस फोन मुलाच्या हातात द्या. त्याला तीन अटी सांगा आणि तुम्ही आपल्या पोळ्या करत राहा. केस विस्कटलेले आहेत, साडी जुनी आहे, असं म्हणून पळू नका. तुमच्या मुलांना आई आठवणार आहे ती तशीच.

त्यांतले चार-पाच चांगले छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नाव आणि तारीख लिहा. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. फोन बिघडतात, बदलतात. कागदावरचा फोटो कपाटात राहतो. तो पावसाळ्यात दमटपणापासून कसा जपायचा, ते पुढच्या वेळी सांगेन.