सुतळीने बांधलेली खिडकी

व्यापारी घरांत एक गोष्ट सहसा आढळते. दुकानाच्या शटरचे कुलूप अडू लागले, तर दिवस मावळण्यापूर्वी कारागीर बोलावला जातो. तराजूचा काटा किंचित हलला, तरी तो तपासून घेतला जातो. परंतु त्याच कुटुंबाच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीची मूठ तुटून दोन पावसाळे लोटलेले असतात आणि झडप सुतळीने गजाला बांधलेली असते. ‘कधीतरी बघू’ एवढ्या आश्वासनावर ती खिडकी तग धरून असते.

यामागे कंजूषपणा क्वचितच असतो. दुकानातील बिघाडाची झळ कर्त्या माणसाला स्वतः लागते. घरातील खिडकीची झळ मात्र दिवसभर घरी असणाऱ्यांना लागते. पहाटे उठणाऱ्या आजी, ओट्यापाशी उभी असलेली सून, अभ्यासाला बसलेले मूल ही मंडळी तक्रार करीत नाहीत, सवय करून घेतात. सांधेदुखीने बोटे आखडलेल्या आजी तर हळूहळू खिडकी उघडणेच सोडून देतात. खोलीतील हवा कोंदट होते आणि त्याचे कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला, तर विजेच्या एकाही बटणाला हात न लावता दारे-खिडक्या ताबडतोब उघडाव्यात, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो. अशा वेळी सुतळीची गाठ सोडत बसण्यास अवधी नसतो. उलटपक्षी, वरच्या मजल्यावरील सैल खिडकी वाऱ्याने धाडकन उघडते आणि कठड्याशी खेळणारे मूल संकटात येते. उघडावयाची तेव्हा उघडणे आणि मिटावयाची तेव्हा घट्ट मिटणे ही दोन्ही कामे त्या वीतभर धातूवर अवलंबून असतात.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: मूठ तुटली कशामुळे? मूठ आपल्या दोषाने तुटण्यापेक्षा तिच्यावर नको तो भार पडल्यामुळे अधिक वेळा तुटते. त्याची परीक्षा सोपी आहे. झडप उघडी ठेवून मूठ फिरवून पाहावी. उघड्या झडपेत ती सहज फिरते आणि मिटल्यावर मात्र जोर लावावा लागतो, असे आढळल्यास दोष मुठीत नसून झडपेच्या बसण्यात आहे: बिजागरी ढिली झाली आहे, लाकूड फुगले आहे किंवा चौकटीत रंगाचे थर साचले आहेत. उघड्या झडपेतही ती अडत असेल, तर दोष मुठीत किंवा तिच्या आतील यंत्रणेत समजावा. मूळ कारण तसेच ठेवून नवी मूठ बसविली, तर तीही लवकरच जुनीच्या वाटेने जाते.

जुन्या वाड्यांतील व चाळींतील लाकडी खिडक्यांना बहुधा कडी, खिटी किंवा टॉवर बोल्ट असतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून आडव्या अंगाने फुगते आणि खिटी आपल्या छिद्रासमोर येईनाशी होते. अशा वेळी घाईने रंधा मारू नये. पावसाळ्यात तासलेली झडप उन्हाळ्यात आक्रसते आणि मोठी फट पडते. लाकूड कोरडे होईपर्यंत थांबावे, मग आवश्यक तेवढेच तासावे आणि तासलेल्या कडेस लगेच रंग किंवा तेल द्यावे. उघडी राहिलेली कड पुढील पावसात पुन्हा पाणी पिते. मुठीचे स्क्रू नुसतेच फिरत असतील, तर अधिक जाड स्क्रू ठोकण्याचा मोह टाळावा. छिद्रात गोंद लावलेली लाकडाची बारीक काडी घट्ट बसवावी, गोंद रात्रभर वाळू द्यावा, वर आलेला भाग कापावा आणि तोच स्क्रू पुन्हा बसवावा.

लोखंडी चौकटीच्या खिडक्यांची तऱ्हा वेगळी असते. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या परिसरात १९३० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींत अशा खिडक्या दिसतात. २०१८ मध्ये या परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. साध्या सोसायट्यांतही त्या पुष्कळ आहेत. त्यांच्या मुठीला पुढे आलेली एक जीभ असते. ती चौकटीवरील पट्टीत अडकून झडप आवळून धरते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने जीभ झिजते आणि मूठ मिटूनही झडप खडखडत राहते. झीज थोडी असेल, तर चौकटीवरील पट्टीखाली पातळ पत्र्याचा तुकडा घातला तरी काम भागते. नवी मूठ घ्यावयाची झाल्यास चौकटीपासून जिभेची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. ही उंची साधारण ९ ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान निरनिराळी असते आणि दोन मिलिमीटरचा फरकही खिडकी मिटू देत नाही. मूळ मूठ भरीव पितळेची असेल, तर ती भंगारात देऊ नये. तिच्यावरून ओताऱ्याकडून दुसरी ओतून घेता येते. गंजलेल्या स्क्रूवर ताकद वापरण्याआधी त्याच्या खाचेतील रंग खरवडावा, गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि एक रात्र वाट पाहावी.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत बहुधा लहान कुलूपवजा खटका असतो. तो तुटण्याचे कारण बरेचदा खाली, रुळात सापडते. रुळात माती साचते, झडपेची चाके झिजतात, झडप एका अंगाला बसते आणि खटका आपल्या खोबणीसमोर येत नाही. मग हाताच्या जोराने तो मोडतो. म्हणून प्रथम रूळ जुन्या ब्रशने साफ करावा, पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी करावीत आणि चाके पाहावीत. पुष्कळ झडपांच्या खालच्या कडेला चाके उंच-सखल करण्याचा स्क्रू असतो. तो थोडा फिरविला तरी जुना खटका पुन्हा लागू लागतो आणि नव्याचा खर्चच वाचतो.

नव्या इमारतींतील यूपीव्हीसीच्या खिडक्यांची मूठ बदलणे त्यामानाने सोपे आहे. मुठीच्या मागे एक चौकोनी दांडी असते. ती झडपेच्या आतील यंत्रणा फिरविते. प्रचलित प्रकारात ही दांडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि दोन स्क्रूंच्या मध्यांतील अंतर ४३ मिलिमीटर असते. दांडीची लांबी मात्र खिडकीनुसार बदलते, म्हणून ती मुठीच्या तळापासून टोकापर्यंत मोजावी. लांब दांडी करवतीने कापता येते. आखूड दांडीला उपाय नसतो. मूठ उघडण्याच्या स्थितीत आणावी, स्क्रूंवरील टोपी हलकेच सरकवावी किंवा उचलावी, दोन्ही स्क्रू काढावेत आणि मूठ सरळ बाहेर ओढावी. नवी मूठ त्याच स्थितीत आत घालावी आणि स्क्रू हातानेच आवळावेत. विजेच्या यंत्राने आवळल्यास आतील आटे बिघडू शकतात. वळणदार मुठींत डावी आणि उजवी असे दोन प्रकार असतात. घरात उभे राहून बिजागऱ्या कोणत्या हाताला येतात, ते दुकानदारास सांगावे. त्याहून सोपे म्हणजे जुनी मूठच खिशात घालून न्यावी.

पुण्याची बोहरी आळी असो वा मुंबईचा नागदेवी रस्ता, एकाच आकाराच्या मुठी अनेक भावांत मिळतात. व्यापारी वाचकास हे सांगावयास नको की, चकाकी हा मालाचा पुरावा नव्हे. पितळेचा मुलामा दिलेले लोखंड लोहचुंबकास चिकटते. पितळ चिकटत नाही. जस्ताचे मिश्रधातूही चिकटत नाहीत, म्हणून दुकानदाराच्या संमतीने मागील बाजूस कानशीचा हलका ओरखडा द्यावा: पितळ आतूनही पिवळे दिसते, जस्त करडे दिसते. जस्ताची मूठ वाईटच असते असे नाही, परंतु तिच्यासाठी पितळेचा भाव देऊ नये. स्टेनलेस पोलादात ३०४ क्रमांकाच्या धातूत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, तर ३१६ मध्ये त्याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला तोंड देते. सोलापूर किंवा नगरच्या कोरड्या हवेत पहिला पुरेसा होतो. रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत दुसऱ्यासाठी दिलेले जादा पैसे वाया जात नाहीत. स्क्रूही त्याच प्रतीचे घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधा लोखंडी स्क्रू घातला, तर खाऱ्या ओलाव्यात त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमते आणि चौकट कुरतडली जाते.

तेलाविषयीही एक सूचना करावीशी आहे. पुष्कळ घरांत अडलेल्या कडीला खोबरेल लावतात. ते थंडीत गोठते, धुळीसह चिकट होते आणि कडी पूर्वीपेक्षा अधिक अडते. धातूच्या सांध्यांना शिवणयंत्राचे तेल थेंबभर द्यावे आणि जादा तेल पुसून घ्यावे. लाकडी झडपेच्या घासणाऱ्या कडेस मेणबत्ती चोळली तरी पुरते. यूपीव्हीसी खिडकीच्या रबरी पट्टीला मात्र तेल लावू नये. रबर खराब होते.

काम करताना शक्यतो खोलीच्या आत उभे राहावे आणि झडप मिटलेली ठेवावी. मूठ किंवा बिजागरीसाठी खिडकीबाहेर वाकणे आवश्यक असेल, तर ते काम घरच्यांनी करू नये, कारागिरास बोलवावे. लहान मुलांसाठी किल्लीची मूठ बसविली, तर किल्ली कोठे टांगली आहे हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावे. खिडकीच्या जाळीला बाहेर पडण्यासाठी दार असेल, तर त्याच्या कुलपालाही हाच नियम लागू आहे. आगीच्या वेळी कपाटात जपून ठेवलेली किल्ली निरुपयोगी ठरते.

मे महिन्यात, पावसाआधी, घरातील सर्व खिडक्यांची एक फेरी घ्यावी. कोणती खिडकी, कोणता दोष, कोणते माप, हे एका पानावर उतरवून काढावे. ज्या घरात जमाखर्च रोज लिहिला जातो, तेथे या पानाला जागा मिळणे कठीण नाही. असे एकत्र पान हाती असले, म्हणजे एकाच फेरीत सगळे सामान येते आणि कारागिराची एक दिवसाची मजुरी पुरते.

काम झाल्यावर कारागिराने मूठ फिरवून दाखविली, तेवढ्याने समाधान मानू नये. त्याचा हात बळकट असतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला बोलवावे आणि ती खिडकी त्यांच्याकडून एकदा उघडून, एकदा मिटवून घ्यावी. त्यांच्या हाताला ती जमली, तरच मजुरी चुकती करावी.