मैदानातली निम्मी जागा आमची!



“मुलींना खेळायची आवडच नसते.” मुरुमसारख्या उमरगा तालुक्यातल्या बाजाराच्या गावी हे ऐकू येतं, तसंच पुण्या-मुंबईतही. हे साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा मुरुमच्याच धाराशिव जिल्ह्यात आहे. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक जिंकलं. २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. खो-खोला लागतं काय? दोन खांब, मोकळी जमीन आणि मुलींना पळू देणारी माणसं. अडतं ते या माणसांपाशीच!

कितीतरी शाळांतला पी.टी.चा तास आठवून पाहा. चेंडू एकच, तो मुलांकडे. मैदान मुलांचं, कडेची सावली मुलींची. पटांगण झाडायला, रांगोळी काढायला, स्वागतगीत म्हणायला मात्र मुली हव्यात. ओढणी सांभाळत तिने धावायचं कसं? संडासात पाणी नसेल तर पाळीच्या दिवसांत तिने मैदानात यायचं कसं? पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून आलेल्या पोरीला वर आळशी म्हणायचं! दहावी आली की तोही तास गणिताला. आवड आभाळातून पडत नाही, पळता पळताच लागते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या वयात रोज सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल हवी. तिच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार २०१६ साली जगात ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८५ मुलींना ती मिळत नव्हती आणि ७८ मुलग्यांनाही. चांगलं खेळणाऱ्यांनी खेळायचं, बाकीच्यांनी बघायचं, ही रीत सगळ्यांनाच बसवते. मुलींना आधी बसवते, इतकंच.

“घरचे पाठवत नाहीत” ही सबब शाळेने सांगू नये. पी.टी.च्या तासाला मुलगी शाळेतच असते!

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंतच्या शाळेत मैदान, खेळाचं साहित्य आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सक्तीचं केलं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या. त्या जागांवर नुसत्या सह्या करायला बसू नका. पुढच्या बैठकीत विचारा: या आठवड्यात पी.टी.चे किती तास झाले? त्यात किती मुली पळाल्या? चेंडू किती, आणि कोणाच्या हातात? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. मिळाली नाहीत तर पुढच्या बैठकीला दहा जणी मिळून जा.