शेवटच्या रकान्यातली भाषा

मुंबईच्या उपनगरातल्या एका पंचतारांकित हॉटेलात भरलेल्या जाहिरात महोत्सवाला मी विद्यार्थिनी म्हणून दोन दिवस बसले. पास सवलतीचा होता, तरी तेवढ्या पैशांत माझा महिन्याचा डबा सुटला असता. नऊ पाहुणे वक्ते ऐकले. त्यांतल्या सात जणांनी एकच गोष्ट सांगितली : भारत इंग्रजीत स्वप्नं पाहत नाही, लोकांच्या भाषेत बोला. सातही जणांनी ती इंग्रजीत सांगितली.

यावर नुसतं हसण्यात अर्थ नाही. सभागृहात कोचीपासून गुवाहाटीपर्यंतची मुलं होती. भाषण तमिळमध्ये झालं असतं तर मला ओ की ठो कळलं नसतं. व्यासपीठावरच्या इंग्रजीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हे वक्ते आपापल्या कचेरीत परतल्यावर काय होतं, त्याबद्दल. ते मला ठाऊक आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात एका एजन्सीत मी दोन महिने उमेदवारी केली.

तिथे ‘लोकांची भाषा’ म्हणजे एक एक्सेल शीट. पहिल्या रकान्यात इंग्रजी ओळ, दुसऱ्यात हिंदी, मग तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती आणि सगळ्यात शेवटी मराठी. (कचेरी मुंबईतच होती.) शीट संध्याकाळी सहाला यायची, आठला परत हवी असायची. भाषांतरकाराचे पैसे इंग्रजी ओळीतले शब्द मोजून. चार शब्दांची ओळ, चार शब्दांचे पैसे. मग तिच्यावर कोण कशाला रात्र घालवील?

एका बँकेची ओळ आली : ‘युवर मनी, युवर मूव्ह’. हिंदीत ‘आपका पैसा, आपकी चाल’. त्यावरून मराठीत ‘तुमचा पैसा, तुमची चाल’. बुद्धिबळात चाल असते, गाण्याला चाल असते, हे मान्य. पण पैशाच्या शेजारी हा शब्द दिसला की मराठी माणूस आधी खिसा चाचपतो. मी लिहिलं, ‘ज्याचा पैसा, त्याचाच शब्द’. फार थोर ओळ आहे असं नाही, पण बँकेच्या खिडकीशी उभा असलेला माणूस ती बोलू शकतो. मग ती बॅक ट्रान्सलेशनला गेली. म्हणजे मराठी न येणाऱ्यांना तपासता यावं म्हणून मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. त्या इंग्रजीत ‘मूव्ह’ कुठे सापडेना. ओळ नापास. त्याच शीटमध्ये खाली ‘मुलांच्या शिक्षेसाठी आजच बचत करा’ असं होतं. हिंदीतली शिक्षा जशीच्या तशी उचललेली. ती मात्र पास झाली होती, कारण रकान्याला रकाना जुळत होता. मुलांची शिक्षा मी हातापाया पडून बदलून घेतली. चाल तशीच छापली गेली.

मी शुद्ध मराठीची मागणी करत नाही. ईएमआयला ईएमआयच म्हणा, लोक तेच म्हणतात. माझं म्हणणं इतकंच की ओळ सुचण्याच्या वेळी मराठी खोलीत असावी, ती शिवून झाल्यावर अस्तर म्हणून लावू नये.

महोत्सवात पीयूष पांडे यांचं नाव तासातासाला निघत होतं, आणि ते निघायलाच हवं. ते १९८२ साली ओगिल्वीत आले तेव्हा या धंद्यात इंग्रजीचा तोरा होता. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने हिंदीला भाषांतराच्या रकान्यातून काढून विचार करण्याच्या जागी बसवलं. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे हिंदी शब्द त्यांचे. त्या गाण्यातली मराठी ओळ मात्र हिंदीची नक्कल नव्हती, ती मराठीच्या तालात होती. सातही वक्त्यांनी या लढाईतला विजय साजरा केला. पण जिंकलेल्या जागेवर हिंदी बसली आणि बाकीच्यांना तिने तीच वागणूक दिली, जी इंग्रजी तिला देत होती, हे एकाही वक्त्याला बोलवलं नाही. हिंदीच्या वाचकांनी रागावू नये. बंगाली, कन्नड वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

आणि हा धंदा मुळात असा नव्हता. १९४३ साली कलकत्त्यात डी. जे. कीमरमध्ये नोकरीला लागलेले सत्यजित राय बंगाली अक्षरं स्वतः रेखाटत. अरुण कोलटकरांनी जाहिरात क्षेत्रातला कॅग पुरस्कार सहा वेळा मिळवला. तोच माणूस मराठीत आणि इंग्रजीत कविता लिहीत होता, एकीचं भाषांतर म्हणून दुसरी नव्हे. आणि आमच्या शीटमधला तो शेवटचा रकाना ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये दिसत होता, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. ते ‘उल्का’त अनेक वर्षं कलादिग्दर्शक होते. म्हणजे अक्षर आमच्याच माणसाचं, त्यात भरलेला मजकूर मात्र उसना.

साहित्याच्या नियतकालिकात हे कशाला, असं कोणी विचारील. माझ्या आजोळी एसटी स्टँडवर पुस्तकाचं दुकान नाही. भिंतभर जाहिराती आहेत. तिथे अक्षर जुळवायला शिकणारं पोर ‘माझी मदत करा’ वाचतं आणि ‘मला मदत करा’ म्हणणाऱ्या आजीला चुकीचं ठरवतं. आमच्या कवींआधी त्याच्यापर्यंत ही भिंत पोचते.

नवापैकी एकाच वक्त्याने हातरंगाच्या पाट्या दाखवल्या आणि देवनागरीत वेलांट्या-मात्रांना जागा कशी सोडावी लागते, ते समजावलं. त्यांना जेवणानंतरची वेळ दिली होती. निम्मं सभागृह कॉफीपाशी होतं.

शेवटच्या सत्रात मी हात वर केला. ‘तुम्ही आत्ता दाखवलेल्या मोहिमेची मराठी कोणी लिहिली?’ वक्ते क्षणभर मागे बसलेल्या सहकाऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आमच्याकडे फार उत्तम लँग्वेज व्हेंडर आहेत.’ टाळ्याही पडल्या.

सत्रानंतर ते स्वतः शोधत आले, हे सांगायला हवं. माणूस चांगला होता. मराठी येणारी मुलं मिळत नाहीत म्हणाले, कार्ड दिलं, बायोडेटा पाठवायला सांगितलं. माझा अभ्यासक्रम पुढच्या महिन्यात संपतोय आणि खोलीचं भाडं वाढलंय. बायोडेटा तयार आहे. इंग्रजीत.