बटण बंद, आग चालू! पेलेट भट्टी वापरणाऱ्या लातूर-नांदेडकरांना तातडीचं आवाहन

मेसचालक, हॉटेलमालक, ढाबेवाले, आचारी, वसतिगृहांचे रेक्टर आणि शिकायला लेकरं बाहेरगावी ठेवलेले आईबाप, हे आवाहन तुम्हा सगळ्यांसाठी आहे.

पेलेटवर, म्हणजे टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, चालणारी शेगडी किंवा भट्टी बटण दाबल्याबरोबर विझत नाही. आत पडलेलं जळण संपेपर्यंत ती जळत राहते. त्या वेळात तिचा पंखा थांबला तर धुराला वाट मिळत नाही. तो खोलीत शिरतो आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायूही शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. थंडी वाढली की रात्री दारं-खिडक्या लावून घेतल्या जातात, धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो. म्हणून कारणं नंतर सांगतो. आज रात्री भट्टी बंद करण्याआधी पुढच्या चार गोष्टी आपल्या आचाऱ्याला वाचून दाखवा.

१. आधी जळण थांबवा. पंखा, म्हणजे ब्लोअर, आग पूर्ण विझेपर्यंत चालू ठेवा.
२. भट्टी ऐकत नाही म्हणून मेन स्विच पाडू नका, प्लग ओढू नका.
३. तापलेल्या भट्टीत पाणी ओतू नका.
४. धुमसती शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं झोपायच्या खोलीत नेऊ नका. "पाचच मिनिटं ऊब घेतो" असं म्हणूनही नाही.

गॅसची सवय झालेल्या हाताकडून इथे चूक होते. गॅसचा कॉक फिरवला की जळणच तुटतं, ज्योत जागच्या जागी संपते. पेलेटचं जळण मात्र आधीच भट्टीच्या पोटात जाऊन पडलेलं असतं. बटण फक्त वाऱ्यावर किंवा जळण ढकलणाऱ्या मोटरवर चालतं. आत पेटलेल्या गोळ्यांवर त्याचा काही अधिकार नाही.

महाराष्ट्राला हे जळण नवीन नाही. २००६ साली बीपी या तेल कंपनीने 'ऊर्जा' नावाची पेलेट शेगडी बाजारात आणली. तिचं तंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तयार झालं होतं. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. अशा सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. शेतातल्या टाकाऊ मालाचे भाव चढले, पेलेट महागले, घरोघरची शेगडी मागे पडली आणि पेलेटने आपला मोर्चा हॉटेलांच्या मोठ्या चुलींकडे वळवला. आपल्याकडे तर कच्चा माल दारातच आहे. सोयाबीनची गुळी, तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचं पाचट यांपैकी पुष्कळसं आपण बांधावर पेटवून देतो. त्याच्या गोळ्या किंवा पांढरा कोळसा (ब्रिकेट) करून वापरला तर शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा खर्चही वाचतो. हे जळण बंद करा, असं म्हणायचं नाही. ते विझवायचं कसं, हे पेटवण्याइतकंच नीट शिकून घ्या, एवढंच मागणं आहे.

आता भट्टी बंद होत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. तक्रार एकच ऐकू येते, पण तिची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

बटण बंद केलं, तरी ज्वाळा चालूच. काही वेळ हे होणारच, कारण भांड्यात पडलेल्या गोळ्या जळून संपायला हव्यात. वर टाकी आणि खाली जळण ढकलणारा स्क्रू असलेल्या भट्टीत एकच गोष्ट बघा, गोळ्या अजून पडताहेत का? पडत असतील तर दोष बहुधा पॅनलमध्ये आहे. रिले चिकटला असेल किंवा वेगाचं बटण शून्यावर येत नसेल. टाकीखाली सरकती पट्टी असेल तर ती लावा आणि फक्त फीडरच्या, म्हणजे जळण ढकलणाऱ्या स्क्रूच्या, मोटरचा वीजपुरवठा तोडा. ब्लोअरला हात लावू नका. फीडर आणि ब्लोअर दोन्ही एकाच प्लगवर असतील तर ती जोडणीच चुकीची आहे. उद्याच्या उद्या वायरमन बोलावून दोन वेगळे स्विच करून घ्या. हा खर्च किरकोळ आहे आणि या सगळ्या आवाहनातलं सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

आग विझली, पण पंखा थांबत नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. अनेक भट्ट्यांमध्ये पोलाद थंड होईपर्यंत पंखा फिरत राहावा म्हणून उष्णतेवर चालणारा स्विच बसवलेला असतो. भट्टी पूर्ण गार झाल्यावरही पंखा फिरत असेल तर तो स्विच चिकटला आहे किंवा त्याच्यावर राखेचा थर बसला आहे. पंखा फिरू द्या. मेकॅनिकला भट्टी गार असताना दाखवा. "स्विच काढून वायर डायरेक्ट जोडून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

जळण कमी घातलं, तरी तासन् तास धुमसतंय. इथे राख तपासा. पिकांच्या अवशेषांच्या राखेत पोटॅश आणि सिलिका असतं. मोठ्या आचेवर ती राख वितळते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखे तिचे कडक खडे होतात. हे खडे हवेची भोकं बुजवतात. हवा कमी पडली की जळण पेटत नाही, नुसतं कुढत राहतं आणि विषारी वायू त्याच वेळी जास्त तयार होतो. रोज सकाळी गार भट्टीतून खडे काढा, भोकं तारेने मोकळी करा. पेलेटची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ओल लागली की गोळ्या फुगून त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा स्क्रूमध्ये अडकतो.

भट्टी भरलेली आणि लाइट गेली. सर्वांत वाईट वेळ ही. पंखा थांबतो, जळण पेटलेलंच असतं आणि धूर उलटा फिरतो. अशा वेळी नवं जळण घालू नका, शटर आणि सगळी दारं सताड उघडा, माणसं बाहेर काढा. ब्लोअरपुरता इन्व्हर्टर आधीच बसवून ठेवला असेल तर ही वेळच येणार नाही. लाइटचा भरवसा किती, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

टाकीच्या झाकणातून धूर येतोय, टाकी तापलीय. म्हणजे आग स्क्रूच्या वाटेने मागे चढली आहे. झाकण उघडून आत डोकावू नका, आत हवा गेली की भडका उडेल. आता पंखा वाचवत बसायचं नाही. शक्य असेल तर दुरून मेन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

घरगुती पंख्याच्या छोट्या शेगडीचा नियम सोपा आहे. ती एकदा भरून पेटवायची असते, मधे थांबवायची सोयच नसते. म्हणून स्वयंपाकाच्या अंदाजानेच गोळ्या घाला. भात झाला म्हणून पंखा बंद केला तर उरलेल्या गोळ्या धुराने खोली भरून टाकतात. उरलेल्या आचेवर अंघोळीचं पाणी तापवा, पण ती पूर्ण जळू द्या. शेवटी राहिलेले निखारे चिमट्याने घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून उघड्यावर मातीत ठेवा. घाई असेल तर वर कोरडी माती टाका. पाणी टाकलं की एकदम वाफ उसळते आणि तोंड-हात भाजतात.

आता त्या विषारी वायूबद्दल. हा भाग मेसचालकांनी आणि रेक्टरांनी दोनदा वाचावा.

कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सुरुवात डोकेदुखीने होते. मग मळमळ, चक्कर, उलटी आणि झोप. ही झोपच घात करते. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. त्या खोल्यांतले बहुतेक जण झोपेतच गेलेले असतात.

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात एका इमारतीत खाली मेस आणि वर मुलांच्या खोल्या, अशी मांडणी कुणालाही नवी नाही. तिथे रात्री चार-सहा मुलांना एकदम मळमळायला लागलं, डोकी दुखायला लागली, तर पहिला संशय कुणावर जाईल? मेसच्या जेवणावर. मुलांना ओआरएस पाजून त्याच खोलीत झोपवलं जाईल, आणि वायू आपलं काम करत राहील. म्हणून हे लक्षात ठेवा. एका खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी त्रास, अंगात ताप नाही आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटणं, अशी लक्षणं दिसली तर आधी भट्टीचा संशय घ्या.

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनवर बसलेला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. माणूस कोसळायच्या बेतात असतो आणि बोटावरचं यंत्र ९८ दाखवतं. १०८ वर फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "पेटत्या भट्टीच्या धुरात होतो." नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला साधारण ४ ते ५ तास लागतात. दवाखान्यात मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर तोच वेळ तासा-दीड तासावर येतो. म्हणून "सकाळी बघू" म्हणण्यात अर्थ नाही. बेशुद्ध माणसाला काढायला श्वास कोंडून एकट्याने आत घुसू नका. आधी दारं-खिडक्या उघडा, मग दोघांनी मिळून जा.

आता कुणी काय करायचं, ते स्पष्ट सांगतो.

मेस आणि हॉटेलचालकांनो, भट्टीचा धूर पाईपने छताच्या वर न्या. खिडकीबाहेर सोडलात तर तो वरच्या मजल्यावरच्या खोलीत शिरेल. भट्टी विझवण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर ठेवा आणि ती पूर्ण गार झाल्याचं बघूनच त्याला घरी सोडा. भट्टीच्या खोलीत कामगारांची झोपायची सोय करू नका. पोत्यांच्या खोलीतही नको, कारण बंद जागेत साठवलेले लाकडी पेलेटसुद्धा न पेटताच हा वायू सोडतात. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बॅटरीवर चालतो आणि ऑनलाइन मिळतो. तो घ्या आणि मुलांच्या खोल्यांकडे जाणाऱ्या जिन्यापाशी लावा.

नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांनो, थंडीत ताडपत्रीचे पडदे सोडाल तेव्हा भट्टीच्या बाजूचा पडदा गुंडाळलेलाच ठेवा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाल ठोकून हॉटेल टाकणाऱ्यांनी भट्टी पालाच्या बाहेर मांडावी. रात्री तिच्या उबेला पालात झोपण्याचा मोह यात्रेत सगळ्यांनाच होतो. तो टाळा.

पालकांनो, मुलाला फोनवर अभ्यास आणि जेवण विचारता, तसं एकदा हेही विचारा, "तुझ्या खोलीखाली काय आहे? धूर कुठून जातो?" उत्तर पटलं नाही तर मेसवाल्या काकांशी, मावशींशी स्वतः बोला. भांडायची गरज नाही, विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

विद्यार्थ्यांनो, रात्री जागून अभ्यास करताना थंडी वाजली तर दोन चादरी घ्या. खालून निखारे मागून आणू नका.

लातूर शहर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिकांच्या अग्निशमन विभागांना विनंती आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू होतो, त्यांना आपली आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जानेवारीच्या फेरीत मेस आणि वसतिगृहांमधल्या पेलेट भट्ट्यांची वेगळी नोंद घ्या. धुराचा पाईप कुठे सुटतो, फीडर आणि ब्लोअरचे स्विच वेगळे आहेत का, वर कोण झोपतं, हे तीन प्रश्न विचारले तरी तपासणी कामाची होईल. भट्टी विकणाऱ्यांनी विझवण्याची पद्धत मराठीत आणि हिंदीत छापून भट्टीवरच चिकटवून द्यावी. कारण रात्री अकरा वाजता भट्टी बंद करणाऱ्या हाताला माहितीपुस्तिका कधीच सापडत नाही.

तोवर कुणाची वाट बघू नका. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहा, "आधी जळण बंद. पंखा चालू. विझल्यावरच स्विच." खाली तीन नंबर लिहा, आग लागली तर १०१, माणूस बेशुद्ध पडला तर १०८, काहीच सुचलं नाही तर ११२. तो कागद भट्टीच्या स्विचशेजारी आजच चिकटवा, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगाराकडून त्यातला शब्द न् शब्द तोंडपाठ करून घ्या.