खालांची बाटली

शेजारच्या खाला चार महिन्यांपासून गप्प आहेत. स्वयंपाक होतो, नमाज होते, पण विचारले की "दिल नहीं लगता, बेटी" एवढेच. परवा त्यांनी एक बाटली आमच्यासमोर ठेवली. मुलाने मोबाइलवरून मागवलेली, चौदाशे रुपयांची. मन प्रसन्न ठेवणारी जीवनसत्त्वे म्हणे. आणि डॉक्टरांनी उदासीसाठी दिलेली गोळी? ती बंद. बाटली आली, आता गोळी कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

आम्ही भाषेचे शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण वढूत राहणाऱ्याला केईएमचे नाव नवे नाही. पुण्याच्या या रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून वढू आणि आसपासच्या गावांतल्या आरोग्याची नोंद ठेवत आले आहे. केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे शहर आणि खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्के जणांत बी-१२ कमी निघाले. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. बी-१२ फार कमी झाले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो, मनही खचू शकते. तिथे ते भरून काढणे हाच इलाज.

"हम तो गोश्त खाते ना!" खाला म्हणाल्या. खातात किती? गोश्त शिजते जुम्याला, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर खालांच्या ताटात रस्सा अन् एखादे हाड. शिवाय दहा वर्षे साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू. त्या गोळीने बी-१२ अंगी लागणे कमी होते, हे त्यांना माहीतच नव्हते.

उलट, सरसकट गोळ्या घेऊन काय होते तेही पाहा. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज ड जीवनसत्त्व दिले, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. उदासी दोन्हीकडे सारखीच राहिली. हा निकाल २०२० चा.

"और तलबिना?" जवाची ती खीर जरूर खावी. हजरत आयेशा (रजि.) घरात मौत झाली की, जमलेल्या बायका पांगल्यावर, घरचे आणि जवळचे उरले म्हणजे तलबिना शिजवायला सांगत. पातेल्याभोवती माणसे बसलेली असत, आम्हाला तेही औषधच वाटते. खाला मात्र दिवसभर एकट्या असतात.

सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहोत. बी-१२ तपासून घ्यायचे आणि बंद केलेल्या गोळीचे खरे खरे सांगायचे. रात्रीबेरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर त्यांच्या फोनमध्ये भरून ठेवला आहे, तिथे मराठीतही बोलता येते. बाटलीचे सील अजून फोडलेले नाही. तीही पिशवीत घेऊ, डॉक्टरांना दाखवायला.